मृत माशांचा पंचनामा

बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावणारी आणि बीड शहरामधून वाहत येणाऱ्या बिंदुसरेला वाटेत पोटात घेऊन गोदावरीच्या भेटीला निघालेली सिंदफणा नदी माजलगावाशी जेथे अडविण्यात आली, तेथे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील मातीचे धरण १९८७ साली पूर्णत्वास गेले. या जलाशयाचा एकूण साठा ४५४ दशलक्ष घनमीटरांचा; त्यांपैकी ३१२ दशलक्ष घनमीटर उपयुक्त, आणि उरलेला १४२ दशलक्ष घनमीटर पाटबंधारे खात्याच्या दप्तरी मृतसाठा म्हणून नोंदला जातो. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवाही आपले पाणी याच जलाशयात आणून ओततो. बीड आणि माजलगाव या दोन्ही शहरांची तहान याच पाण्यावर भागते. आणि काठच्या गावांतील भोई समाजाची कित्येक कुटुंबे या पाण्यात सोडलेल्या कटला, रोहू आणि मृगळ यांच्या बोटुकलीवर आपल्या वर्षाचा सारा हिशेब मांडून बसलेली असतात.

असे जलाशय आणि अशा नद्या यांच्या काठी, कधी वैशाखाच्या अखेरीस, कधी मृगाचा पहिला लोंढा येऊन गेल्यावर, तर कधी आभाळ दाटलेल्या एखाद्या आठवड्यानंतर, सकाळी उजाडताच पांढऱ्या पोटांचा खच पाण्यावर तरंगताना दिसतो. कोल्हापूरच्या पंचगंगेने हे दृश्य अनेकदा दाखविले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या पात्रात ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर जे घडते त्याचा क्रमही ठरलेला आहे : बातमी, पंचनामा, पाण्याचा नमुना, आणि अहवाल येईतो विझून गेलेला क्षोभ. पुढील संवाद कोणत्याही एका वर्षाच्या घटनेवर बेतलेला नाही. त्यात बोलणारे दोघे, म्हणजे तालुक्याच्या न्यायालयात हयात घालविलेले एक वकील आणि प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी, हे मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटावेत असे दोन स्वभाव आहेत. आणि त्यांच्यामध्ये बसलेले भोई समाजातील वृद्ध बाबा हे, माझ्या मते, त्या दोघांहूनही अधिक ऐकण्याजोगे आहेत.

वकीलसाहेब : गुरुजी, एका रात्रीत हजारो जीव प्राणास मुकतात, मच्छीमार संस्थेने उसनवारी करून घेतलेले मत्स्यबीज मातीमोल होते, आणि सरकारी कागदावर त्याचे कारण म्हणून काय उतरते, तर ‘पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण कमी झाल्याने’. या एका वाक्याने फिर्यादीचा निकाल लागतो आणि आरोपी कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. मी गेली कित्येक वर्षे या संस्थांची वकीलपत्रे घेत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की मासे आपण होऊन मरत नाहीत, त्यांना मारले जाते, आणि मारणारा हात नेहमी माणसाचाच असतो.

गुरुजी : आपल्या मनातील कळकळ मला मान्य आहे, वकीलसाहेब, परंतु आरोपी ठरविण्याची आपल्याला जितकी घाई आहे तितकी पाण्याला नाही. पाण्याचे काही नियम आहेत आणि ते दिवाणी वा फौजदारी कायद्याहून पुष्कळ जुने आहेत. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात मावणारा प्राणवायू घटत जातो : २५ अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. उलट, त्याच उष्णतेने माशाचे श्वसन वाढते. म्हणजे ज्या वेळी पुरवठा कमी त्याच वेळी मागणी अधिक. कटला-रोहूसारख्या माशांना सुखाने जगण्यास लिटरमागे पाच मिलिग्रॅम तरी लागतो. तीनच्या खाली ते कासावीस होतात आणि दोनच्या खाली फार काळ तग धरीत नाहीत. आता या उष्ण पाण्यावर शेवाळाची दाट हिरवी साय धरली आहे असे समजा. दिवसा सूर्यप्रकाशात हेच शेवाळ भरपूर प्राणवायू सोडते, इतका की दुपारी चार वाजता मोजणाऱ्यास पाणी अत्यंत निरोगी वाटावे. पण सूर्य मावळला की तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने श्वास घेऊ लागते, आणि रात्रभर चाललेल्या या उपशाने पहाटे चार ते सहा या वेळात पाण्यातील प्राणवायू अगदी तळाला जातो. त्यातच दोन-तीन दिवस आभाळ राहिले, वारा पडला, तर सकाळी काठावर काय दिसणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

वकीलसाहेब : हे सारे मी मान्य करतो, आणि मान्य करूनही म्हणतो की आपण मला मृत्यूचे कारण सांगितले नाही, मृत्यूची फक्त शेवटची घटका सांगितली. एखाद्या खुनाच्या खटल्यात डॉक्टरने साक्ष द्यावी की मृताचे हृदय बंद पडले आणि तेवढ्यावर न्यायाधीशांनी खटला काढून टाकावा, तसे हे आहे. हृदय बंद पडले हे खरेच. पण सुरी कोणाच्या हातात होती? पाण्यावर ती हिरवी साय कोणी धरविली? बिंदुसरा बीड शहरामधून वाहते, शहराचे सांडपाणी तिच्यात उतरते, ती सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा हे सर्व धन घेऊन माजलगावच्या जलाशयात येते. आणि त्याच जलाशयाचे पाणी नळांवाटे पुन्हा बीडला पिण्यासाठी जाते. ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही.

गुरुजी : तिथे आपण आणि मी एका बाजूस आहोत. शेवाळ कशावर पोसते याविषयी आता शास्त्रात फारसा संशय उरलेला नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने एका सरोवराच्या अरुंद जागी पडदा घालून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब सोडले, पण एका भागात त्याखेरीज स्फुरदही सोडले. स्फुरद मिळालेला भाग लवकरच हिरवागार झाला आणि दुसरा निर्मळ राहिला. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पाहून पुष्कळ देशांनी आपले कायदे बदलले. आपल्याकडे उजनीचा जलाशय पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीवाटे भीमेतून तेथे उतरते आणि पाण्याचा रंग सर्व काही सांगतो. परंतु माझे म्हणणे असे आहे की सर्व स्फुरद शहराच्या गटारातूनच आले असे धरून चालणे हा अन्वेषणाचा मार्ग नव्हे. ते शेतातील खतांतून येते, काळ्या मातीबरोबर वाहून येते, आणि एकदा गाळात जाऊन बसले की तळाचा प्राणवायू संपताच तो गाळच ते पुन्हा पाण्यात सोडू लागतो; म्हणजे आज सांडपाण्याचा एक थेंब आला नाही तरी दहा वर्षांपूर्वीचे पाप वर येत राहते. शिवाय गाळपेराचा विचार आपण कधी केला आहे का?

वकीलसाहेब : गाळपेर जमिनी पाटबंधारे खाते दरसाल लागवडीस देते, हे ठाऊक आहे. त्यात काय?

गुरुजी : त्यात पुष्कळ काही आहे, आणि मला वाटते या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. पाणी उतरत जाते तसतशी बुडीत क्षेत्रातील जमीन उघडी पडते, तिच्यावर पिके घेतली जातात, खत पडते, कीटकनाशक फवारले जाते, पिकांची धसकटे तशीच उभी राहतात, गुरे बसतात. दुष्काळाच्या वर्षी तर पाणवठ्याच्या आसऱ्याने गुरांची गर्दी वाढते. २०१३, २०१६ आणि २०१९ ही वर्षे आठवा. बीड जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या. आणि मग एके दिवशी पाऊस पडतो आणि ही सगळी जमीन, तिच्यावरील शेण, धसकटे, खत आणि विष यांसह, पुन्हा पाण्याखाली जाते. हे सर्व कुजविण्यासाठी जिवाणूंना प्राणवायू लागतो. तो ते पाण्यातूनच घेतात. लोंढा आला म्हणून मासे वाचले असे आपण समजतो आणि नेमके त्याच दिवशी ते मरतात.

इतका वेळ गप्प बसलेले बाबा येथे बोलले, आणि मी त्यांचे बोलणे जसेच्या तसे देतो, कारण पुढील साऱ्या युक्तिवादाचा रोख त्याने बदलला.

बाबा : गुर्जी, जवा असं व्हतं, तवा म्या पहाटं चप्पू घिऊन जातो. कटला सारा वर आलेला असतो, तोंड वासून; हातानं धरावा तरी पळत न्हाई. मोठाले आधी जातात, बारकाली मागून. पर मरळ जित्ती राहती. काठाच्या लव्हाळ्यात बसून राहती, तिला काय व्हत न्हाई. अन् कवाकवा उलटं व्हतं बगा. मरळबी मरती, झिंगाबी मरतो, बारकाली आधी मरत्यात. तवा आमी वळखतो, की पान्यात कुणीतरी कायतरी घातलंय.

गुरुजी : वकीलसाहेब, आपण साक्षीदार शोधीत होता ना? हा घ्या. बाबांनी दोन वाक्यांत जे सांगितले ते मी वर्गात दोन तासांत सांगत असे. मरळ हा मासा कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका विशेष अवयवाने हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून पाण्यातील प्राणवायू संपला तरी तो वर येऊन हवा घेतो आणि जगतो. प्राणवायूच्या अभावात मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज मोठी. विषात लहान आणि कोवळे आधी मरतात. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम कीटकनाशके माशांना तर अत्यंत अल्प मात्रेत मारतातच, पण झिंग्यांना त्याहूनही आधी मारतात. म्हणून काठावर गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती मेले’ हा नसावा. ‘कोण मेले, कोण वाचले, आणि कोणत्या प्रहरी’ हा असावा. एकाच जातीचे मासे मरत असतील आणि अंगावर व्रण असतील तर रोगाचा संशय घ्यावा. १९८८ साली ईशान्य भारतातून आलेल्या व्रणाच्या साथीने देशभर असे मासे मारलेले आहेत. पण सर्व जातींचे मासे एका रात्रीत मेले तर रोगाकडे पाहण्याचे कारण नाही.

वकीलसाहेब : आणि ‘पान्यात कुणीतरी कायतरी घातलंय’ या वाक्यास आपण काय म्हणाल? विष घालून मासे मारणे हे आपल्याकडे नवे नाही. गेळाची फळे, हिंगणबेट यांनी डोहातले मासे गुंगविण्याची रीत जुनी आहे. पण त्या रीतीत माणसे आपल्या जेवणापुरते मासे काढीत. आता बाजारात सहज मिळणारी पिकांवरील औषधे पाण्यात ओतून रातोरात मासे काढणारे, जिलेटिनचे स्फोट करणारे निर्माण झाले आहेत. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमातील चौथे आणि पाचवे कलम नेमके याच दोन कृत्यांविरुद्ध, स्फोटकांविरुद्ध आणि विषप्रयोगाविरुद्ध, केलेले आहे. सव्वाशे वर्षे झाली, कायदा आहे. तालुक्यात या कलमाखाली खटला उभा राहिल्याचे आपण किती वेळा ऐकले?

गुरुजी : मी एकदाही ऐकले नाही. पण वकीलसाहेब, एवढ्या अफाट जलाशयाला विष घालून मासे मारणे अवघड असते; ते खाडीसारख्या आत शिरलेल्या उथळ भागात, डोहात शक्य आहे. म्हणून जागा पाहावी लागते. सगळ्या जलाशयाच्या काठाने मासे तरंगत असतील तर कारण एका कोपऱ्यात शोधू नये, आणि एकाच ओढ्याच्या मुखाशी तरंगत असतील तर त्या ओढ्याने वर चालत जावे.

वकीलसाहेब : चालत गेलो आणि वर साखरेचा कारखाना किंवा मद्यार्काची भट्टी सापडली तर? मी कोणत्याही एका कारखान्याचे नाव घेत नाही. महाराष्ट्रात त्यांची कमतरता नाही. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे पाणी उरते त्याची जैविक प्राणवायू-मागणी लिटरमागे चाळीस हजार मिलिग्रॅमांच्या घरात असते. आणि कायदा नदी-तलावात सोडावयाच्या पाण्याला मुभा देतो ती तीस मिलिग्रॅमांची. घरगुती सांडपाणी दोनशे-तीनशेच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे या काळ्या पाण्याचा एक टँकर शंभराहून अधिक टँकर सांडपाण्याचे काम करतो.

गुरुजी : गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि होळी-पाडव्याच्या आसपास आटोपतो. मृगात मेलेल्या माशांचा दोष आपण बंद कारखान्यावर कसा ठेवणार?

वकीलसाहेब : ते पाणी साठविलेले असते, गुरुजी, आणि साठविलेले पाणी पावसाच्या पहिल्या लोंढ्याआड सोडून देण्यास रात्रीचा एक प्रहर पुरतो. असे सगळेच करतात असे मी म्हणत नाही. पण सोडले की नाही हे पाहण्यास त्या रात्री ओढ्यावर कोणी नसतो, हे मात्र निश्चित म्हणतो.

गुरुजी : शक्य आहे. मात्र त्याच पहिल्या लोंढ्याच्या रात्री आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळाभर वरचे पाणी तापून हलके झालेले असते आणि खालचे थंड, जड पाणी तळाशी निपचित पडलेले असते. दोहोंची मिसळ होत नाही, आणि तळाचे पाणी प्राणवायूविना राहून त्यात अमोनिया आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. वादळी वारा आणि गार पाऊस एकदम आला की हे थर उलटतात आणि खालचे ते मृत पाणी वर येते. फिलिपिन्समधील ताल सरोवरात पिंजऱ्यांत पाळलेले मासे अशाच उलथापालथीने प्रचंड संख्येने मेलेले आहेत. पण प्रामाणिकपणे हेही सांगतो की माजलगावचा जलाशय पसरट आहे. तेथे वारा पाण्याला वरचेवर ढवळीत राहतो, आणि असे पक्के थर साचण्याचा संभव भिंतीलगतच्या आणि जुन्या नदीपात्राच्या खोल पाण्यापुरताच अधिक. पुस्तकातील प्रत्येक कारण प्रत्येक तलावास लागू पडत नसते.

वकीलसाहेब : आणि धरण जोत्याखाली, म्हणजे मृतसाठ्यात, गेल्यावर?

गुरुजी : जोत्याखाली गेल्यावर मासे नेमके त्या खोल पात्रातच येऊन कोंडतात. साठा आटतो, मासे तेवढेच राहतात, पाणी तापते, गाळ ढवळतो, आणि शहरांचा उपसा मृतसाठ्यातूनही चालूच राहतो. २०१६ साली याच जिल्ह्यातील, केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सारा देश जाणतो. तेथील माशांना कोणते विष लागले होते? पाणीच उरले नव्हते. अवर्षण हे स्वतःच कारण आहे, वकीलसाहेब, आणि त्यावर समन्स बजावता येत नाही.

वकीलसाहेब : अवर्षणावर बजावता येणार नाही, पण पाण्याच्या वाटपावर येईल. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे त्याच्या दुपटीहून अधिक पाणी पिणारा ऊस लावण्याचा निर्णय ढगांनी घेतला नाही. आपण प्रत्येक वेळी निसर्गाचा दरवाजा उघडता, गुरुजी, आणि प्रत्येक वेळी आत माणूसच बसलेला सापडतो.

येथे गुरुजी क्षणभर थांबले. माझ्या मते वकीलसाहेबांचा हा मुद्दा बिनतोड होता, आणि गुरुजींनी तो तसा मनोमन स्वीकारलाही असावा. कारण यानंतर त्यांनी जे उदाहरण दिले ते त्यांच्या स्वतःच्या बाजूचे असले तरी दुधारी होते.

गुरुजी : २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोलंड आणि जर्मनी यांच्या सीमेवरील ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. सुरुवातीलाच पाऱ्याचे नाव निघाले. वृत्तपत्रांनी विषप्रयोग झाल्याचे ठरवून टाकले. गुन्हेगाराचा ठावठिकाणा सांगणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. तपासात पारा दोषी ठरला नाही. मासे मेले ते एका सूक्ष्म सोनेरी शेवाळाने सोडलेल्या विषाने. तपास करणाऱ्यांनी सुरुवातीच्या संशयाला चिकटून राहावयाचे ठरविले असते तर हे कारण कधीच सापडले नसते.

वकीलसाहेब : आणि ते शेवाळ गोड्या पाण्याच्या नदीत कोठून आले?

गुरुजी : ते खारट पाण्यात वाढणारे आहे.

वकीलसाहेब : मग नदी खारट कोणी केली?

गुरुजी : खाणी आणि कारखाने यांनी सोडलेल्या क्षारयुक्त सांडपाण्याने, आणि त्या उन्हाळ्यात नदीला पाणी कमी होते, ऊन फार होते.

वकीलसाहेब : तेव्हा मी जे म्हणत होतो तेच. वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे ठरवून दिले ते सांगतो : पर्यावरणास बाधा होण्याचा संभव असेल तर आपले कृत्य निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते कृत्य करणाऱ्यावर आहे, नुकसान सोसणाऱ्यावर नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात तर दोष सिद्ध न होताही भरपाई देण्याची तरतूद आहे. भोयाने पहाटे उठून पाणी मोजावे आणि मग न्याय मागावा, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

गुरुजी : न्यायाची अपेक्षा म्हणून ती अन्यायाची असेल, परंतु मासा मेल्यावर काय होते ते लक्षात घ्या. मेलेला मासा आधी बुडतो. आत कुजून वायू धरला की मग वर येतो. आपल्या उन्हाळ्यात त्याला सुमारे एक दिवस लागतो, गार पाण्यात अधिक. म्हणजे ज्या सकाळी आपण खच पाहतो त्या सकाळच्या आधीच सारे घडून गेलेले असते. तलाठ्याला वर्दी, तहसिलात कागद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि दुपारी शेवाळाने पाण्यात पुन्हा प्राणवायू भरलेला असतो. त्या नमुन्यात दोष सापडत नाही आणि अहवालात पाणी निर्दोष ठरते. विष असेल तर तेही वाहून, विरून गेलेले असते.

वकीलसाहेब : याहून वाईट आहे. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाच्या एकविसाव्या कलमात नमुना कसा घ्यावा, कोणास नोटीस द्यावी, त्याचे भाग कसे करावे, मोहर कशी लावावी हे सविस्तर सांगितले आहे, आणि त्या रीतीने न घेतलेला सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. भोयाने बाटलीत भरून ठेवलेले पाणी खरे असते आणि अग्राह्य ठरते. अधिकाऱ्याने तिसऱ्या दिवशी घेतलेले पाणी निरुपयोगी असते आणि ग्राह्य ठरते. महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी, १९६९ सालीच, जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापन केले. अर्धशतक उलटून गेले, तरी एकाही तालुक्याच्या जलाशयावर पहाटे पाणी मोजण्यासाठी माणूस नेमलेला नाही, याला मी गुन्ह्याहून कमी मानीत नाही.

गुरुजी : तो नेमला जाईपर्यंत आपण बसून राहावयाचे काय? विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली पाण्यातील प्राणवायू मोजण्याची जी रीत घालून दिली ती आजही शाळेच्या प्रयोगशाळेत चालते. काचेची बाटली काठोकाठ, बुडबुडा न राहू देता भरावयाची, त्यात दोन द्रावणांचे थेंब घालून प्राणवायू जागच्या जागी बांधून टाकावयाचा, आणि मग शांतपणे गावात येऊन मोजावयाचा. दहावीचा मुलगा हे करू शकतो.

वकीलसाहेब : करू शकेल, पण ज्याने मासे मारले त्याच्याऐवजी ज्याचे मासे मेले त्याने ते करावे, हे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

बाबा : सायब, पटू नका. पर बाटल्या द्या. म्या तसाबी पहाटं जातोच.

या वादात माझा कौल विचाराल तर कारणाच्या बाबतीत तो बहुतांशी गुरुजींच्या बाजूने आहे, आणि जबाबदारीच्या बाबतीत पूर्णपणे वकीलसाहेबांच्या. माजलगावसारख्या पसरट, उष्ण आणि वर्षानुवर्षे शहराचे व शेतांचे ओझे वाहणाऱ्या जलाशयात, विशेषतः तो जोत्याखाली गेलेला असताना, पहाटेच्या प्राणवायूचा अभाव हाच माशांचा सर्वांत संभाव्य मारेकरी होय. विषप्रयोग, काळे पाणी, रोग या शक्यता त्यामागून, आणि जागा, वेळ व मेलेल्या-वाचलेल्या जाती पाहिल्याशिवाय उच्चारू नयेत अशा. परंतु या अभावाला ‘नैसर्गिक’ हे विशेषण लावण्याचा अधिकार कोणत्याही अहवालास नाही. ज्या पाण्यात आपण सांडपाणी, खत आणि उपशाचा भार घातला त्या पाण्याने पहाटे दम तोडला तर तो निसर्गाचा कारभार नव्हे. वकीलसाहेब म्हणतात त्याप्रमाणे मोजणी हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने करावे म्हणून दरखास्त, फिर्याद, आंदोलन हे सर्व मार्ग अवलंबावे लागतील. तोवर मात्र गुरुजींचाच मार्ग मोकळा आहे.

म्हणून माजलगाव, मांजरा, बिंदुसरा आणि जिल्ह्यातील लहानमोठ्या तलावांवरच्या मच्छीमार संस्थांना, आणि ज्या गावांत विज्ञान शिकविणारी शाळा आहे त्या गावांतील शिक्षकांना, माझी विनंती आहे. चैत्रापासून आर्द्रा नक्षत्रापर्यंत, आणि आभाळ दाटलेल्या प्रत्येक आठवड्यात, सूर्योदयापूर्वी पृष्ठभागाचे आणि तळाजवळचे असे दोन बाटल्या पाणी घ्या. तापमान, प्राणवायू, पाण्याचा रंग आणि वास यांची नोंद एका वहीत तारीख-वार ठेवा. मासे मेलेच तर मेलेले नव्हे, मरू घातलेले मासे बर्फावर ठेवा, कोणत्या जाती वाचल्या ते लिहा, खच कोणत्या ओढ्याच्या मुखाशी आहे त्याचा नकाशा काढा, आणि त्याच सकाळी, दुपार होण्याच्या आत, तहसीलदार, मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिघांस लेखी वर्दी देऊन तिची पोच घ्या. आणि मेलेले मासे, ते कितीही ताजे दिसले तरी, बाजारात जाऊ देऊ नका. चुना घालून पुरा.